लाल चिठ्ठीचा शंख

मी एक जुना शंख आहे. समुद्रातला नव्हे, मित्रांनो. एका डोंगरी गोगलगाईचा, मसुराच्या दाण्याएवढा. जपानमधल्या शिकोकू बेटावरच्या एका संग्रहालयात, काचेच्या डबीत, कापसाच्या गादीवर मी राहतो. आकारावर जाऊ नका. माझ्या सगळ्या जातीचे नाव माझ्यावर उभे आहे, आणि याचा मला भारी अभिमान आहे.

तानिमोरीच्या चुनखडीच्या कड्यावर यासुओका मित्सुए या बाईंना मी सापडलो. माझ्यातली गोगलगाय केव्हाच गेली होती. बाई संग्रहालयात गोगलगाईंची वर्गवारी करीत. वेटोळी मोजून, तोंडाची कड भिंगाखाली न्याहाळून कोण कोणाच्या कुळातले ते ठरवीत. त्यांनी मला ओळखीच्या सगळ्या शंखांशेजारी ठेवून पाहिले. मी कोणाशीच जुळेना, तेव्हा त्यांनी मला नाव दिले. इथल्या माणसांसारखे आमच्यातही आडनाव आधी येते. पहिले कुळाचे, मग जातीचे. माझे दुसरे नाव तानिमोरीवरून पडले.

पण ते छापायला पाठवण्यापूर्वी नागासुए सेन्सेईंना दाखवायचे होते. बाई त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. सेन्सेईंनी मला चिमट्यात धरले आणि ते हसले. पूर्ण वाढलेल्या गोगलगाईच्या शंखाची कड जाड होते, माझी पातळ.

"यासुओका-सान, हे नेहमीच्याच गोगलगाईचं पोर आहे. पोराला नवी जात म्हणालात ना, तर आपल्यातले लोक जन्मभर हसतील."

बाईंचे कान लाल झाले. मान लववून त्या मला घेऊन बाहेर आल्या. मी पार हिरमुसलो. नाव गेले तर मी कोण उरणार?

बाई मात्र हट्टाला पेटल्या. पुन्हा त्याच कड्यावर जाऊन त्यांनी माझे जिवंत भाऊबंद आणले, माझ्याच मापाचे, तशाच पातळ कडेचे. जेवणाच्या रिकाम्या डब्यात ओले शेवाळ घालून त्यांना टेबलावर ठेवले. आज डब्यात काय आणलेय, म्हणून सगळे बाईंना चिडवीत.

एके सकाळी शेवाळात खसखशीएवढी पांढरी अंडी दिसली. बाईंनी डबा सेन्सेईंपुढे ठेवला. सेन्सेई भिंगातून पाहू लागले. चहा गार झाला तरी पाहतच होते.

"पोरं काही अंडी घालत नाहीत," ते शेवटी म्हणाले. "चुकलो मी. लाल चिठ्ठी आणा, मीच लावतो."

लाल चिठ्ठी म्हणजे जातीचा मूळ नमुना, मित्रांनो. आता कुठेही आमच्यासारखी गोगलगाय सापडली, की मोठमोठे अभ्यासक ती माझ्याशी ताडून पाहायला येतात. मला हात लावण्यापूर्वी श्वास रोखून धरतात. मधली कित्येक वर्षे डबी कोणी उघडली नाही, धूळ साचली. पण चिठ्ठी सुटली नाही.

तानिमोरीची खाण मात्र दरवर्षी कड्याकडे सरकते आहे, असे परवा मला ताडून पाहायला आलेली एक अभ्यासक मुलगी सांगत होती. मित्रांनो, नाव मी सांभाळले आहे. त्या नावाला ओ देणारे कोणीतरी कड्यावर राहू द्या.