तानाबाईची आठी

तानाबाईच्या अमरचं लग्न जमत नव्हतं. दारव्ह्यापासून सात किलोमीटरवर गाव, कपाशी-तुरीची शेती, पक्कं घर, पोरगा कामसू. तरी दोन वर्षांत तीन ठिकाणचे पाहुणे घर पाहून गेले आणि तिन्हीकडून "कळवतो" एवढाच निरोप आला. तिसऱ्या वेळी सोयरीक आणणारा संजय खरं काय ते बोलून गेला.

"काकू, राग नका मानू. पोरीची माय म्हणे, सासू भल्ली कडक दिसते. चहा देतानाही आठ्या घालून होती म्हणे."

तानाबाई आत जाऊन आरशासमोर उभी राहिली. दोन भुवयांच्या मधोमध दोन उभ्या रेघा, कोणी चाकूनं ओढल्यासारख्या. तीस वर्षं उन्हात डोळे बारीक करून कापूस वेचला, त्याच्या त्या. त्या दिवशी तिला राग आलाच नव्हता. कप काठोकाठ भरलेला होता आणि तो सांडू नये म्हणून ती नुसती त्याच्याकडे पाहत होती.

तिची भाची शाल्मली यवतमाळला त्वचेची डॉक्टर होती. तानाबाई नवऱ्याला, रामरावांना, घेऊन तिच्या दवाखान्यात गेली आणि खुर्चीत बसल्याबरोबर म्हणाली, "बाई, हे पुसून टाक."

"पुरतं पुसलं जाणार नाही, मावशी, पण बरंच कमी होईल," शाल्मली म्हणाली. "भुवया आवळल्या की इथले स्नायू गोळा होतात आणि वरची कातडी दुमडते. रोज दुमडून घडी पडलीय. मी बारीक सुईनं त्या स्नायूंत औषध देईन. मेंदूचा निरोप नसेतून येतो, तो शेवटच्या टोकाला अडेल. निरोप नाही, म्हणून स्नायू ढिला."

रामरावांना हे काही पटेना. "म्हणजे नस मरते काय?"

"नाही हो काका. तुमच्या विहिरीवरची मोटर घ्या. डीपीत लाईन आहे, मोटर धड आहे, फक्त स्टार्टर बंद. मग मोटर फिरेल का?"

"अन् मंग ते चालू कधी होते?"

"तीन-चार महिन्यांनी. नसेला नवी टोकं फुटतात."

"म्हणजे लोडशेडिंग हाय," रामराव म्हणाले आणि निवांत झाले.

तानाबाईला एकच काळजी होती. "मले हासता येईन ना?"

"येईल. हसायचे स्नायू वेगळे, त्यांना मी हातही लावणार नाही."

पाच टोचण्या झाल्या. मुंग्या चावाव्यात तसं वाटलं, झालं. शाल्मलीनं बजावलं, चार तास आडवं व्हायचं नाही, ती जागा चोळायची नाही आणि आज कुंकवाचं बोट दाबायचं नाही. तानाबाई परतीच्या जीपमध्ये पाठीत काठी घातल्यासारखी ताठ बसून आली.

घरी येऊन तिनं आरसा पाहिला. आठी जशीच्या तशी.

"गेलं पाण्यात," ती म्हणाली.

पण चौथ्या दिवशी कपाळ जडावलं आणि दहाव्या दिवशी शेजारची बकरी वाळत घातलेल्या तुरीत तोंड घालताना पाहून ती ओरडली, तेव्हा अमर तिच्याकडे पाहतच राहिला. "आई, तू खरंच रागावली हायेस का?" आवाज रागाचा होता, चेहरा मात्र भजनाला बसल्यासारखा.

पंधराव्या दिवशी घाटंजीहून फकिराजी, त्यांची बायको आणि मुलगी सुरभी घर पाहायला आले. सुरभी तिथल्या शाळेत शिकवत होती आणि घर आपण स्वतः पाहणार असं तिनंच सांगितलं होतं. तानाबाईनं चहा दिला. सुरभीच्या आईनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि समाधानानं कप उचलला.

इथवर सगळं छान चाललं होतं. पण रामरावांना एकदा बोलायला लागल्यावर थांबणं ठाऊक नव्हतं. लग्न झाल्यापासून तानाबाई त्यांना भुवयांनीच थांबवत आली होती. चारचौघांत ते काही भलतं बोलू लागले की ती नुसती पाहायची आणि ते वाक्य अर्ध्यात सोडून पाणी प्यायचे.

"आमचा अमर मेहनती हाय," रामरावांनी सुरुवात केली. "बारावीत दोनदा नापास झाला, पण मेहनती हाय."

तानाबाईनं भुवया आवळल्या. म्हणजे आवळायला गेली. कपाळ जागचं हललं नाही. रामरावांनी बायकोकडे पाहिलं, तिचा चेहरा शांत दिसला, म्हणजे आपलं बरोबर चाललंय असं समजून त्यांनी मांडी नीट घातली.

"ट्रॅक्टर शिकला तं पहिल्याच दिवशी थेट पाटलाच्या शेणखड्ड्यात. घोरते असा का भिताडं हालतात."

तानाबाईनं सगळा जोर लावला. तिचे कान तापले, मान ताठली, कपाळ मात्र सपाट. अमर जमिनीकडे पाहत होता.

"तुमच्या आधी तीन पाहुणे वापस गेले ना," रामराव आता चांगलेच रंगात आले होते, "हिच्या आठीपायी. मंग नेलं यवतमाळले. सुया मारल्या कपाळात. आता लोडशेडिंग हाय."

मग सुरभीची आई उठली, तानाबाईजवळ येऊन बसली आणि तिनं एक बोट हळूच कपाळाला लावलं.

"समजते का तुमाले, म्या हात लावला तं?"

"समजते. आवळता येत नाई फक्त."

"अन् आता तुमाले राग आला हाय?"

"आला हाय," तानाबाई शांत चेहऱ्यानं म्हणाली.

"कोनावर?"

"ह्यांच्यावर."

फकिराजींना हसता हसता ठसका लागला. हसू ओसरल्यावर सुरभीनं तानाबाईचा जुना फोटो मागितला. अमरनं मोबाईल पुढे केला. तिनं तो बराच वेळ पाहिला.

"काकू, तुम्ही तवा रागात होत्या काय?"

"नाई बाई. ऊन होतं."

सुरभी हसली. "याच्या आधी आम्ही दोन घरं पाह्यली. दोन्हीकडे पोरात काईच खोट नव्हती म्हणे. इथं काकांनीच सारं सांगून टाकलं." मग ती थेट अमरकडे वळली. "दोनदा कायच्यात गेलते?"

"इंग्रजीत," अमर खाल मानेनं म्हणाला.

"मी इंग्रजीच शिकवते," ती म्हणाली, आणि फोन परत देताना हातात थोडा जास्त वेळ धरून ठेवला.

पाहुणे निघाले तेव्हा सुरभीच्या आईनं तानाबाईला चुलीपाशी बाजूला घेतलं आणि हळूच डॉक्टरचा नंबर मागितला. तानाबाईनं तो भिंतीवरच्या कॅलेंडरचा कोपरा फाडून लिहून दिला.

चार दिवसांनी फकिराजींचा फोन आला. पोरगी हो म्हणते, आमचंही हो आहे. साखरपुडा मात्र पंधरा-वीस दिवसांनी ठेवू.

"काहून, काई अडचण हाय काय?" रामरावांनी विचारलं.

"नाई जी," फकिराजी म्हणाले. "हिनं कालच सुया घेतल्या. लागू पडायले तेवढे दिवस लागतात म्हणते."