स्पंदनगुरू आणि टायरचा दिवा

"विझला! विझला!"

रविवारी सकाळी आमच्या इमारतीच्या पार्किंगमधून असा गलका वर आला की मला वाटलं, कुठे तरी आग लागली होती आणि ती आत्ताच विझली. धावत खाली गेले. आग नव्हती, धूरही नव्हता. दादाच्या एसयूव्हीच्या चारही काचांना नाकं चिकटवून अर्धी इमारत उभी होती. आत ड्रायव्हरच्या सीटवर पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले एक गृहस्थ डोळे मिटून बसले होते. स्टीअरिंगच्या खालच्या बाजूला त्यांनी निळा रेशमी रुमाल धरला होता आणि रुमालाच्या आड त्यांचा एक हात होता.

"बघितलंस?" दादाने माझा दंड धरला. "परवापासून टायरचा पिवळा दिवा पेटलेला. गुरुजी म्हणाले, तीनदा डोळे मिचकावेल आणि जाईल. तीनदा मिचकावले आणि गेला!"

"आणि टायर?"

"टायरचं काय?"

"टायर बघितलास का?"

दादाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला गाडी ढकलायला सांगितली होती. "अगं, ही गाडी सगळं स्क्रीनवर सांगते. खाली वाकून बघायला ही काय बैलगाडी आहे?"

आमच्या इमारतीची गोम हीच. इथे कुणी वाकत नाही. पाऊस आला की वायपर आपले आपण फिरतात, अंधार पडला की दिवे आपले आपण लागतात, दार नीट लागलं नाही तर गाडीच कुरकुर करते. त्यामुळे गाडीची तब्येत फक्त पडद्यावर कळते, असा सगळ्यांचा पक्का समज झालेला. पडद्यावर दिवा नाही म्हणजे बिघाड नाही. हवा शेवटची कधी तपासली, असं विचारलं तर लोक हवामानाबद्दल बोलायला लागतात.

अशा ठिकाणी या स्पंदनगुरूंची चलती झाली यात नवल ते काय! त्यांना आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी शोधून आणलं होतं. सेक्रेटरी म्हणजे उत्साही माणूस, मग तो लिफ्टचा रंग असो नाहीतर गुरू.

"वाहन म्हणजे लोखंड नव्हे," गाडीतून उतरता उतरता गुरू सांगू लागले. "वाहन म्हणजे घरातलं न बोलणारं माणूस. टायरमध्ये काय असतं?"

"हवा," दोन-तीन जण म्हणाले.

"हवा म्हणजेच प्राण! प्राण घाबरला की दिवा लागतो. मी त्याला फक्त समजावतो." असं म्हणून त्यांनी खिशातून चिमट्यासारखं काहीतरी काढलं आणि चाकावर टण्णकन आपटलं. लोकांनी डोळे मिटले. मी नाही मिटले. मी शाळेत विज्ञान शिकवते. तो ध्वनीच्या प्रयोगातला नादकाटा होता. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात तसले डझनभर पडून आहेत आणि त्यांनी आजवर एकाही पोराचं गणित सुधारलेलं नाही.

मी हसून सोडून दिलं असतं. पण आठवड्याच्या मधेच तो दिवा पुन्हा लागला.

दादाने गुरूंना फोन केला. फोन स्पीकरवर होता आणि मी नेमकी दादाच्या घरी चहाला गेले होते. गुरू गंभीर आवाजात म्हणाले, "घरात कुणीतरी शंका घेतंय. शंकेचं स्पंदन थेट टायरला लागतं."

दादाची नजर वळली ती सरळ वहिनीकडे. कारण वहिनीच दोन आठवडे सांगत होती, "अहो, गाडी डावीकडे ओढतेय. एकदा दाखवून घ्या ना."

"बघ," दादा म्हणाला, "तुझ्या या कुरकुरीमुळेच होतंय हे सगळं."

वहिनी कपबशा उचलून आत गेली. मी मागोमाग गेले तर ही नळ सोडून नुसतीच उभी. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. दादाला रजा नव्हती, म्हणून सोमवारी पहाटे दोन्ही पोरांना मागच्या सीटवर बसवून ती एकटी गाडी चालवत घाटाने माहेरी जाणार होती.

"मला वेड लागलंय का गं?" ती म्हणाली. "स्टीअरिंग माझ्या हातात असतं. ओढतंय ते मला कळतं. पण आता मी बोलले तरी माझीच चूक आणि नाही बोलले तर पोरं मागे बसलेली."

मला दादाचा असा राग आला म्हणून सांगू! पण रागाने काही सिद्ध होत नाही. मी डोकं लावलं.

स्पंदनगुरूंनी आजवर कुठले रोग बरे केले? आठवून पाहिलं तर दोनच. एक टायरचा दिवा आणि दुसरा सर्व्हिसची आठवण करून देणारा दिवा. सेक्रेटरींच्या गाडीत इंजिनाच्या चित्राचा दिवा होता, तेव्हा गुरूंनी रुमाल बाहेरसुद्धा काढला नव्हता. "ही गाडी मनाने अजून तयार नाही," म्हणाले होते. समोरच्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीची बॅटरी मेली, तेव्हा तर गुरूंना अचानक दुसरीकडे जायचं होतं. अख्ख्या विश्वाची स्पंदनं ज्यांच्या मुठीत, त्यांना एक बॅटरी झेपू नये?

शनिवारी संध्याकाळी मी आणि वहिनी पार्किंगमध्ये गेलो. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि गुरूंचा रुमाल जिथे असायचा तिथे, स्टीअरिंगच्या खालच्या बाजूला, हात घातला. बोटाला एक बटण लागलं. मोबाईलचा उजेड पाडला. बटणावर टायरचं चित्र आणि मधे उद्गारचिन्ह. पडद्यावरच्या दिव्याचं चित्रही अगदी तेच.

"हात मेल्या!" वहिनी म्हणाली. मग घाईने, "चल, आत्ताच टायरवाल्याकडे नेऊ."

"नेऊ की. पण आज नेलीस तर दिवा जाईल आणि नाव रुमालाचं होईल. दादाने उद्या गुरूंना बोलावलंय, तोपर्यंत गाडी जागची हलवायची नाही. उद्या बटण तू दाबायचंस, सगळ्यांसमोर."

येताना मी कोपऱ्यावरच्या दुकानातून टायरची हवा मोजायचं छोटं यंत्र घेतलं.

रविवारी गुरू आले, गर्दी जमली, नादकाटा वाजला. मी हात जोडून पुढे झाले. "गुरुजी, एक छोटीशी विनंती. उपचाराच्या आधी आणि नंतर हवा मोजूया. म्हणजे प्राण किती वाढला ते सगळ्यांना दिसेल."

"प्राण मोजता येत नाही, ताई."

"पण हवा येते ना? आणि तुम्हीच म्हणालात, हवा म्हणजेच प्राण."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. "मोजू द्या की हो गुरुजी," सेक्रेटरी उत्साहाने म्हणाले. "तुमचंच नाव होईल!"

मी यंत्र दादाच्या हातात दिलं. "तूच मोज. माझ्यावर विश्वास नको ठेवूस." इस्त्रीच्या पँटीतला माझा भाऊ, गाडी घेतल्यापासून पहिल्यांदाच, चाकाशी वाकला. पुढच्या डाव्या चाकाला यंत्र लावलं आणि म्हणाला, "बावीस."

"हवी किती?"

दाराच्या आतल्या पट्टीवर लिहिलेलं असतं, हे त्याला मीच दाखवलं. "तेहतीस," तो पुटपुटला.

गुरू आत बसले. रुमाल निघाला, डोळे मिटले. दिवा एकदा लुकलुकला, दोनदा, तीनदा आणि विझला. टाळ्या पडल्या.

"आता पुन्हा मोज," मी म्हणाले.

दादा वाकला. दोन-दोनदा यंत्र लावून बघत राहिला.

"अरे, बोल की!" सेक्रेटरी म्हणाले.

"बावीस," दादा म्हणाला. "बावीसच आहे."

"ते सूक्ष्म पातळीवर..." गुरूंनी सुरुवात केली, पण तोवर वहिनी दुसऱ्या बाजूने आत जाऊन बसली होती. "गुरुजी, जरा सरकता का? रुमाल राहू दे तुमच्याकडेच." तिने बोट पुढे केलं, बटण दाबून धरलं आणि दिवा तीनदा लुकलुकून विझला. पुन्हा दाबलं, पुन्हा तीनदा.

"अरेच्चा!" सेक्रेटरी ओरडले. "वहिनींनासुद्धा सिद्धी आहे!"

"सिद्धी नाही हो, बोट आहे," वहिनी म्हणाली, आणि पार्किंग हास्याने दणाणलं.

मग मी शाळेत सांगते तसं सांगितलं. चाकात हवा कमी झाली की चाक जरा वेगळं फिरतं. गाडीला ते कळतं आणि ती दिवा लावते. आपण हवा भरायची आणि मग हे बटण दाबायचं. बटण दाबणं म्हणजे गाडीला सांगणं की आत्ता आहे ती हवा बरोबर आहे, हीच लक्षात ठेव. हवा न भरता दाबलं तर गाडी बिचारी मऊ टायरलाच बरोबर मानते आणि गप्प बसते. हवा आणखी गेली की पुन्हा ओरडते, आपण पुन्हा दाबतो. सर्व्हिसच्या दिव्याचंही तसंच, तेल बदलून झाल्यावर विझवायची सोय असते ती. इंजिनाच्या दिव्याला मात्र असं बटण नसतं, म्हणून ती गाडी 'मनाने तयार' नव्हती.

गुरूंना तेवढ्यात फोन आला. निदान त्यांनी तो कानाला तरी लावला. त्यांच्या स्वतःच्या गाडीच्या काचेवर एका गॅरेजचा 'पुढील सर्व्हिस' असा स्टिकर होता, तो गाडी फाटकातून बाहेर पडताना सेक्रेटरींना दिसला. "तरीच! स्वतःची गाडी गॅरेजातच नेतात!" ते म्हणाले आणि दिवसभर एवढंच म्हणत राहिले.

चाक बदलायचं ठरलं तेव्हा जादा चाक कुठे असतं हेही दादाला ठाऊक नव्हतं. डिकीतली सतरंजी, पोरांची बॅट, छत्र्या असं सगळं उपसल्यावर ते सापडलं. काढलेलं चाक टायरवाल्याने पाण्यात बुडवलं तर बुडबुडे आले. आत चांगला बोटाच्या पेराएवढा स्क्रू रुतलेला होता. "हा घेऊन घाट चढला असतात तर काही खरं नव्हतं," तो म्हणाला. दादाने तो स्क्रू हातात घेतला आणि त्याचा चेहरा पार उतरला.

घरी आल्यावर त्याने तो टेबलावर ठेवला. "चुकलं माझं," तो वहिनीला म्हणाला. "तू सांगत होतीस."

"गाडीही सांगत होती," वहिनी म्हणाली. "तिचं बटण दाबलंत, मला शंकेखोर ठरवलंत. झालं, दोघी गप्प."

दादाने तो स्क्रू उचलून गाडीच्या किल्लीशेजारी ठेवला.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगते. दिवा विझला म्हणजे बिघाड गेला, असं कुणी म्हणालं तर आधी आणि नंतर मोजून बघा. कुणी रुमाल पसरला तर त्याच्याखाली काय आहे ते विचारा. आणि घरातलं कुणी काहीतरी ओढतंय, खटकतंय म्हणालं, तर त्याच्यावर खापर फोडण्याआधी एकदा खाली वाकून बघा. वाकण्यात कमीपणा नाही, फार तर पँट मळते.

सोमवारी पहाटे वहिनी निघाली. पोरं मागे पेंगत होती. दादा यंत्र घेऊन चारही चाकांशी वाकून आला. गुडघे धुळीने माखले होते.

"तेहतीस," तो म्हणाला. "चारही. आणि हे बघ, काही ओढलं, खटकलं तर थांब आणि मला फोन कर. मी ऐकेन."

वहिनी हसली आणि तिने गाडी सुरू केली.