वाटणीची ओंजळ

वीस मार्चला सरोजाबाई महाडला गेल्या नाहीत, असं लग्नानंतर पहिल्यांदाच घडलं. चवदार तळ्यावर जायचा नेम त्यांनी अंगात ताप असतानाही मोडला नव्हता. यंदा त्यांचे यजमान तात्याराव एकटेच पहाटेच्या एसटीनं गेले आणि बाई पेणकरपाड्याच्या खोलीत सुनेवर पहारा देत बसल्या. पहाराच तो. पंचशीलाला मुलगी होऊन बावीस दिवस झाले होते, आणि सासूबाईंना विचारल्याशिवाय तिनं या बावीस दिवसांत खिडकीसुद्धा उघडली नव्हती.

अळीव, डिंकाचे लाडू, कानाला फडकं, शेक, सगळं वेळच्या वेळी होत होतं. सगळ्यात कडक नेम पाण्याचा. बाळंतशेप घालून उकळलेलं पाणी, दिवसाला तीन पेले, बस. जास्त प्यायलं की पोट सुटतं आणि बाळाला सर्दी होते, हे बाईंना त्यांच्या सासूनं सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूनं. असं का, हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

पंचशीलाचं डोकं मात्र आठवडाभर ठणकत होतं. मुलीला अंगावर घेतलं की कळ कपाळातून मानेत उतरायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. काल तर हातातून सुटेल या भीतीनं तिनं पाजता पाजताच मुलीला खाली ठेवलं. मुलगी अर्धपोटी रडत राहिली आणि ही तिच्याकडे पाठ करून रडत राहिली. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघितला, तो ठीक निघाला. अंगावर पाजताना चालणारी एक गोळी त्यांनी लिहून दिली आणि पाणी भरपूर प्यायला सांगितलं. गोळी दुधात उतरते म्हणून सरोजाबाईंनी ती कपाटात टाकली. पाण्याचं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, की त्या डॉक्टरणीला स्वतःला एक तरी मूल आहे का.

शेवटी सरोजाबाईंच्या मुलानं, उदयनं, पावडरच्या दुधाचा डबा आणून फळीवर ठेवला. उद्यापासून वरचं दूध, असं पंचशीलानंच ठरवलं. ते ठरवताना तिचा चेहरा बघवत नव्हता. बाईंनाही ते लागलं होतं. आपण एवढं सगळं करूनही पोरीचं पाजणं बंद होणार, मग आपला कुठला नेम चुकला, याचाच त्या विचार करत होत्या.

दुपारी जेवणानंतर त्यांचा डोळा लागला. मोरीत काहीतरी खडखडलं म्हणून जाग आली. बाळ पाळण्यात झोपलं होतं, सुनेचं अंथरूण रिकामं होतं. बाईंनी मोरीचं दार लोटलं. पंचशीला पिंपाला टेकून उभी होती आणि आंघोळीच्या मगानं पिंपातलं पाणी घटाघटा पीत होती. हनुवटीवरून ओघळ गाऊनमध्ये जात होता. सासू दिसताच तिनं मग पाठीमागे लपवला.

"चुकले आई," ती म्हणाली. "परत नाही पिणार."

महाडची हकिगत त्यांनीच या सुनेला लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितली होती. त्यांचे आजोबा तळ्याच्या पायऱ्या उतरले होते, ओंजळ भरली होती, आणि सगळ्यांदेखत पाणी प्यायले होते. त्या आजोबांच्या नातीच्या घरात सून चोरून पाणी पीत होती. सरोजाबाईंना स्वतःची लाज वाटली. इतकी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"मीपण प्यायलेय असं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "उदयच्या वेळी. पडवीत कोंबड्यांसाठी पाणी ठेवलेलं असायचं, ते."

पंचशीला बघतच राहिली. "आणि डोकं?"

"दुखायचं ना. उदय रांगायला लागला तरी दुखत होतं. मला वाटायचं, आई झालं की दुखतंच."

हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, तात्यारावांनाही नाही.

सुनेच्या हातातला मग काढून घेऊन त्यांनी तिला बाहेर आणून बसवलं. स्वयंपाकघरातला मोठा तांब्या गाळलेल्या पाण्यानं काठोकाठ भरला, कपाटातली गोळी शोधून काढली आणि दोन्ही तिच्यापुढे ठेवलं. पंचशीलानं आधी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग पेला उचलला.

संध्याकाळी मुलगी उठली. ठणका कमी झाला होता, गेला नव्हता. तरी पंचशीलानं तिला जवळ घेतलं, आणि बाई तांब्या घेऊन शेजारी बसल्या. मुलगी पोटभर प्यायली आणि तशीच झोपली. डब्याचं उद्या बघू, असं पंचशीला आपणहून म्हणाली.

तेवढ्यात तात्यारावांचा फोन आला. मागे घोषणा चालू होत्या. गर्दी खूप आहे, पण पायऱ्यांपर्यंत पोचलो, असं ते ओरडून सांगत होते. "तुझ्या वाटणीची ओंजळ मीच घेतली गं."

"बरं केलंत," बाई म्हणाल्या.

पंचशीलानं रिकामा पेला त्यांच्यापुढे धरला होता.

"आई, अजून द्या."