पुढे द्यावा

"खण आला की आधी कोपऱ्यावर नाव लिहायचं, मगच पेटीत ठेवायचा. जिचा खण तिच्याच ओटीत परत गेला, तर बडोद्यात तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली, तरी अहल्याबाईंच्या कानात हे वाक्य कालच ऐकल्यासारखं होतं. हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, कुणाच्या वास्तुशांतीला, जिथे म्हणून ओटीत खण येई तो त्या बॉलपेननं नोंदून ठेवत. कुणी दिला, कधी दिला, आणि कोपरा भिजवून पाहिल्यावर काही आढळलं तर तेही. शिवत मात्र कुणीच नव्हतं. या पेटीतून त्या पेटीत खण आपले यात्रेकरूंसारखे फिरत राहायचे.

श्रावण लागायच्या आधी सुनेनं, रसिकानं पेटी उघडली. आत एकतीस खण.

"आई, हे सगळे आपल्याकडे नुसते मुक्कामाला आलेत," ती म्हणाली. "यांचं काहीतरी शिवा ना. स्वयंपाकघर कसं ओकंबोकं दिसतंय."

अहल्याबाईंचा जीव जरा खालीवर झाला, पण शिवणयंत्राला तेल घालायला त्यांना निमित्त हवंच होतं. लहरीपुऱ्याच्या बाजारातून सोनेरी लेस आली. रोज पूजा, पोथी आणि तुळशीला पाच प्रदक्षिणा झाल्या की त्या यंत्रावर बसत. मिक्सरला टोपडं झालं, फ्रिजच्या मुठीला अंगरखा झाला, गरम पातेलं उतरवायला आत कापूस भरलेले दोन चौकोन झाले. शेवटी गॅसवरच्या डब्यांच्या फळीला चुण्यांची लांबलचक झालर. नावाचे कोपरे त्या आधीच कापून टाकत. फक्त शेवटच्या जांभळ्या खणाच्या वेळी चुण्यांनी इतकं कापड खाल्लं, की वीतभर कमी पडलं. मग त्यांनी तो कोपरा तसाच ठेवला, अक्षरं चुणीच्या पोटात घेतली आणि वरून कडक इस्त्री फिरवली.

"दिसत नाही ना गं?"

"देवालासुद्धा दिसायचं नाही."

"देवाला दिसतं," अहल्याबाई हळूच म्हणाल्या. "मी माणसांचं विचारतेय."

श्रावणातल्या शुक्रवारी सवाष्ण म्हणून संयोगिता जेवायला यायची होती. ही अहल्याबाईंची तीस वर्षांपासूनची मैत्रीण. आजेसासरे संस्थानात अंमलदार होते, तो रुबाब हिच्या आवाजात अजून आहे. जांभळा खण तिनंच दिलेला.

त्यात यंदाच्या चातुर्मासात अहल्याबाईंनी नेम धरला होता खोटं न बोलण्याचा. त्यापुढे कांदा-लसूण सोडणं म्हणजे काहीच नव्हे. शेजारच्या श्रद्धाबेननी ढोकळा कसा झालाय म्हणून विचारलं आणि अहल्याबाईंनी सांगितलं, त्याला महिना होत आला. तेव्हापासून त्या घरून ढोकळा आला नव्हता.

शुक्रवारी पुरण शिजलं, कटाची आमटी उकळली, सकाळभर स्वयंपाकघरात वाफ कोंडली. संयोगिता आली ती थेट आतच.

"सरस दिसतंय हं," झालरीवरून बोट फिरवत ती फळीच्या टोकाकडे निघाली. "तू शिवलीस? हात अजून चांगला चालतो गं तुझा."

वाफेनं इस्त्री सैल झाली होती. तिचं बोट लागलं आणि शेवटची चुणी उलगडली. संयोगितानं चष्मा नीट केला आणि सावकाश, एकेक शब्द करत वाचलं.

"संयोगिता. संक्रांत. रंग जातो. पुढे द्यावा."

रसिकानं आमटीखालचा गॅस बारीक केला.

"मावशी, ही दुसरी संयोगिता," रसिका घाईनं म्हणाली. "करजणच्या आहेत एक."

"असं का? अहल्या, कोण गं ही करजणची?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पान मांडलेलं होतं, भोवती रांगोळी होती. खरं सांगावं तर सवाष्ण न जेवता उठून जाणार, आणि कदाचित पुन्हा या घरची पायरी चढणार नाही. मान हलवावी तर नेम गेला. अहल्याबाईंनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. तिथून काही मदत आली नाही.

"करजणला माझ्या ओळखीचं कुणी नाही," त्या म्हणाल्या. "तूच ती."

"आणि रंग?"

"जातो. कोपरा भिजवला तर वाटीभर पाणी जांभळं झालं."

"मग पुढे कुणाला देणार होतीस?"

"श्रद्धाबेनना."

संयोगितानं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. रसिका उगाचच ताट-वाटी सरळ करू लागली.

"मागच्या नवरात्रात तू मला मोरपंखी खण दिला होतास," संयोगिता म्हणाली. "त्याच्यावर मीही काहीतरी लिहून ठेवलंय."

"काय लिहिलंयस?"

"ते तोंडी सांगायचं नाही. माझ्या फळीला अशीच झालर शिवून दे. माझ्या पेटीतले खण, अक्षरं चुणीच्या बाहेर, एकही कोपरा कापायचा नाही. मोरपंखी मधोमध. कबूल असेल तर बसते जेवायला."

"कबूल."

"उद्याच."

"उद्याच येते."

संयोगिता पाटावर बसली आणि तिसऱ्या पोळीवर तूप मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी प्रदक्षिणा झाल्यावर अहल्याबाईंनी कापडी पिशवीत टेप, कात्री आणि उरलेली लेस भरली. मग जरा थांबून त्यात वीतभर अस्तरही टाकलं.

"अस्तर कशाला?" रसिकानं विचारलं.

"मोरपंखी खण मधे विरलाय. उजेडात धरला की पलीकडचं दिसतं."

"म्हणजे देताना तुम्हांला ठाऊक होतं?"

"तेव्हा नेम वेगळा होता," अहल्याबाई म्हणाल्या. त्यांनी चपला सरकवल्या, दार हलकेच ओढून घेतलं आणि खंडेराव मार्केटजवळच्या संयोगिताच्या घराकडे चालू लागल्या.