निळी पिशवी

माझी लेक नुओनुओ सात महिन्यांची असताना हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी तिला पहिल्यांदा भूल दिली. दहाव्या महिन्यात दुसऱ्या बाजूसाठी पुन्हा. तेव्हापासून माझ्या जिवाला थारा नाही. आयांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं, की लहानपणी वारंवार भूल दिली तर मेंदूची वाढ मागे पडते. मी ते इतक्यांदा वाचलं की पाठच झालं. आता ती अडीच वर्षांची आहे आणि तिला शब्द येतात मोजून चार.

माझ्या सासूबाईंच्या जिभेला हाड नाही. "दोनदा झोपवलंत पोरीला, औषध डोक्यात भिनणारच," पालेभाजी निवडता निवडता त्या म्हणायच्या. "समोरच्या सू बाईंचा नातू बघ, आजीशी भांडतो मेला!"

मी हसून साजरं करायचे आणि आतून गार पडायचे.

दीड वर्षाच्या तपासणीला कानाचे डॉक्टर लाय म्हणाले होते, "कानाच्या पडद्यामागे पाणी साचलंय. बारीक नळ्या बसवू. दहा-पंधरा मिनिटांचं काम, पण भूल द्यावी लागेल."

"तिसऱ्यांदा?" मी ताडकन उठले. "तिला छान ऐकू येतं, डॉक्टर! चौथ्या मजल्यावर राहतो आम्ही. दोन गल्ल्या पलीकडे कचरागाडीचं गाणं लागलं, की कचरा द्यायला खाली जायचं म्हणून ही दाराशी जाऊन बूट घालते."

"बरं. तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा. नक्की या."

मी गेले नाही. नवऱ्याला, छंग-हानला, सांगितलं की कान ठणठणीत आहेत. त्याला वर्ष झालं.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सासूबाईंचा गुडघा धरला. त्या आतल्या खोलीत पाय पसरून बसल्या होत्या. कचऱ्याची निळी पिशवी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तशीच होती. साडेसहाला लांबून गाणं सुरू झालं. नुओनुओ माझ्याकडे पाठ करून ठोकळे रचत होती.

ती उठली नाही.

गाणं पुढच्या गल्लीत आलं. जिन्यात शेजाऱ्यांच्या चपलांची फटफट सुरू झाली. तिने लाल ठोकळा उचलून पिवळ्यावर ठेवला. मी पिशवी उचलली आणि मुकाट्याने तिच्या समोरून गेले. तशी ती टुणकन उठली आणि बुटांकडे धावली.

रोज गाणं लागलं की सासूबाई पिशवी उचलायच्या. पोरगी पिशवी बघत होती.

"नुओनुओ," मी मागून हाक मारली. मग जोरात. मग किंचाळले. तेव्हा कुठे तिने वळून पाहिलं, आणि माझा चेहरा बघून रडायला लागली.

आठवड्याभरात आम्ही डॉक्टर लाय यांच्यासमोर बसलो. त्यांनी जुनी नोंद काढली. "मी वर्षापूर्वीच सांगितलं होतं ना?"

छंग-हानने माझ्याकडे पाहिलं.

नळ्या बसवायच्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. मी त्यांचा हातच धरला. "मेंदूला काही होणार नाही, एवढं सांगा."

"एका छोट्या भुलीने फरक पडल्याचं आजवर दिसलेलं नाही. हिची तिसरी आहे, तेव्हा शंभर टक्के खात्री मी देणार नाही. पण बाई, ऐकूच आलं नाही तर ती बोलायला शिकणार कुठून?"

मी सही केली. तोंडावर भुलीचा मास्क ठेवला तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. मग तिचे डोळे मिटले. बाहेर बसून मी नखं खात राहिले. तिने मला ओळखलं नाही तर, एवढंच डोक्यात होतं.

तिने ओळखलं. शुद्धीवर येताच गळ्यात पडली.

परवा संध्याकाळी आम्ही सगळे घरातच होतो. पिशवी कोपऱ्यात होती, कुणी हात लावला नव्हता. मला अजून काहीच ऐकू आलं नव्हतं, आणि नुओनुओच्या हातातला ठोकळा गळून पडला. ती खिडकीकडे बघत राहिली, मग दोन्ही कानांवर हात दाबून माझ्याकडे धावत आली आणि पोटात तोंड खुपसून थरथरायला लागली.

"अगं, काय झालं तिला?" सासूबाई घाबरून उठल्या.

मग मलाही ते गाणं ऐकू आलं. ज्याच्या जोरावर मी डॉक्टरांना परतवलं होतं, ते गाणं पोरगी इतक्या लांबून पहिल्यांदाच ऐकत होती.

छंग-हानने पिशवी उचलली आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता खाली गेला.