उडी कुणाची

ऑफिसात तिला सगळे दारोगाबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तीही हसून ओ द्यायची. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका बड्या कंपनीत ती वकील होती आणि तिचं काम होतं एका शब्दाची राखण करणं. कंपनीचा 'उडी' नावाचा गेम घरोघरी पोचला होता. त्यातला हिरवा बेडूक पोरांच्या दप्तरांवर, पाण्याच्या बाटल्यांवर जाऊन बसला होता. त्या नावाचा ट्रेडमार्क कंपनीकडे होता. दुसऱ्या कुणी आपल्या गेमच्या नावात 'उडी' घातली, की दारोगाबाईचं पत्र गेलंच म्हणून समजा.

चार वर्षांत तिने दीडशेच्या वर पत्रं पाठवली होती. बहुतेक लोक आठवड्याच्या आत नाव बदलून मोकळे व्हायचे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. लोक शहाणे होते म्हणून तिचं काम सोपं होतं. तिला त्यात काही वावगंही वाटत नसे. ती नोकरीला लागली त्याच महिन्यात एका टोळीने बेडकासकट अख्खा गेम उचलून आपल्या नावावर विकला होता. तो बेडूक काढणारी चित्रकार मुलगी तिच्यासमोर बसून रडली होती. ते प्रकरण तिने जिंकलं, आणि तेव्हा लिहिलेलं पत्रच पुढे साचा म्हणून वापरत राहिली. नाव बदलायचं, तारीख बदलायची, की झालं.

एका सोमवारी नव्या गेमच्या यादीत तिला 'हळू उडी' दिसलं. तिने ईमेलने पत्र पाठवलं आणि ॲप स्टोअरकडे तक्रार नोंदवली. बुधवारी स्टोअरने तो गेम काढून टाकला. गुरुवारी सकाळी तिचा फोन वाजला.

"तुमचं पत्र मिळालं," पलीकडून एक वयस्क बाई बोलत होत्या. "दोनदा वाचलं. कळलं नाही, म्हणून विचारते. उडी तुमची कशी?"

दारोगाबाईने ठरलेलं उत्तर दिलं. शब्द बोलायला कुणालाच बंदी नाही, फक्त गेमच्या नावात वापरू नये, गिऱ्हाइकांचा गोंधळ होतो.

"माझ्या पेशंटांचा नाही होत," बाई म्हणाल्या. "मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघे, खुबे, मोडलेले पाय हेच माझं काम. लोकांनी घरच्या घरी नीट व्यायाम करावा म्हणून आमच्या यांनी तो गेम बनवलाय."

"मग दुसरं नाव ठेवा ना. झेप आहे, टप्पा आहे."

"टप्पा चेंडूचा, ताई. झेप वाघाची. माझ्या पेशंटला पाय चार बोटं उचलायचा असतो. त्याला उडी म्हटलं की तो हसतो, आणि हसला की उचलतो." मग त्यांनी विचारलं, "एकदा येऊन बघाल का?"

पत्र मिळालेल्या माणसाने आजवर तिला असं कधी बोलावलं नव्हतं. ती शुक्रवारी दुपारी गेली. मनात मात्र सरळ हिशेब होता: समोरासमोर बसायचं, गोड बोलायचं आणि नाव बदलण्याच्या करारावर सही घेऊन यायचं. कागद पर्समध्ये होता.

टायरच्या दुकानामागे दोन खोल्या होत्या. दाराशी पायऱ्यांच्या जागी सिमेंटचा उतार केलेला. आत शेजारी शेजारी दोन लाकडी दांडे. धरून धरून त्यांचा रंग मधोमध उडाला होता. दांड्यांच्या मध्ये एक मिशीवाला बस ड्रायव्हर उभा होता, त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. समोरच्या पडद्यावर एक ओढा, त्यात दगड, आणि पहिल्या दगडावर हातात पिशवी घेतलेली एक आजी. ड्रायव्हरने ओठ आवळून पाय उचलला. कॅमेऱ्याने तो टिपला आणि आजीने दुसऱ्या दगडावर उडी मारली.

"मारली," ड्रायव्हर घाम पुसत म्हणाला. "अजून सात दगड. आजी दमेल, पण मी दमणार नाही."

"ज्यांच्या फोनवर आधीपासून आहे त्यांचं चालतंय," फिजिओथेरपिस्टबाई म्हणाल्या. "पण या आठवड्यात ज्यांना घरी सोडलं त्यांना तो मिळतच नाही. एक मावशी दोन तासांवरून येतात. रोज कुठून येणार? मी कागदावर व्यायाम लिहून दिलेत. कागद बघून कोण पाय उचलतं?"

कोपऱ्यात एक गृहस्थ पाठ करून वायरची भेंडोळी गुंडाळत बसले होते. आता ते उठून समोर आले. हे बाईंचे यजमान. चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं, निवृत्त झाल्यावर संगणक शिकले आणि दोन वर्षं खपून हा एकच गेम बनवला.

"पत्रात एक वाक्य आहे," ते म्हणाले. वाक्य त्यांना पाठ झालं होतं. "'आमच्या नावलौकिकाचा गैरफायदा घेण्याच्या हेतूने आपण हे कृत्य केले आहे.' मी तुमचा गेम कधी पाहिलाच नाही. आमच्या घरात पोरंबाळं नाहीत, तो बेडूक येणार कुठून? लोकांचे इतके टीव्ही उघडले, पण कुणाचा एक स्क्रू घरी आणला नाही. तुम्हाला माहीत असावं, एवढंच."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते परत जाऊन वायर गुंडाळू लागले.

"सोमवारपासून कोपऱ्यावरच्या मित्रांत बसायला गेले नाहीत," बाई हळूच म्हणाल्या.

ते वाक्य तिनेच लिहिलं होतं, पण त्या टोळीसाठी. त्यानंतर एकदाही वाचलं नव्हतं. तिने पर्स उघडलीच नाही. निघताना यजमानांना काहीतरी बोलावं असं तिला फार वाटलं. पण त्यांनी मान वर केली नाही, आणि ती तशीच उतारावरून खाली आली.

शनिवार-रविवार तिने जुन्या फायली उपसण्यात घालवले आणि सोमवारी साहेबांपुढे जाऊन बसली. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो," ते म्हणाले. "यांना सोडलं, तर उद्याचा चोर यांच्याकडेच बोट दाखवेल."

"ते खरं आहे, साहेब. पण आजवरच्या एकशे अठ्ठावन्न पत्रांत खरे चोर सहा. बाकीच्यांनी नुसती उडी मारली. सुक्याबरोबर ओलंही जाळतोय आपण."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तुमचं म्हणणं काय?"

"जे चोर नाहीत त्यांना लेखी परवानगी देऊ, फुकट. परवानगी दिली म्हणून आपला हक्क जात नाही. पत्रातलं ते वाक्य काढू. पत्राआधी फोन करू. आणि नुसत्या शब्दावरचा दावा सोडून देऊ. बेडकाचं चित्र राखलं तरी पुष्कळ झालं."

"शेवटचं मालकांना सांगायची माझी छाती नाही," साहेब म्हणाले. "बाकीचं करा."

काढल्यापासून नवव्या दिवशी 'हळू उडी' स्टोअरवर परत आली. दोन तासांवरच्या मावशींचा गुडघा तोवर आखडला होता; त्यांना पुन्हा पहिल्या दगडापासून सुरुवात करावी लागली. यजमानांना दारोगाबाईने स्वतःच्या हाताने, साध्या कागदावर माफीचं पत्र लिहिलं. साहेबांना विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं, म्हणून विचारलं नाही. उत्तर दोन शब्दांचं आलं: पत्र पोचलं. पुढे बाईंकडून कळलं, की ते संध्याकाळचे पुन्हा बाहेर जाऊ लागलेत.

शब्दावरचा दावा मात्र तसाच राहिला. वर्षभराने काही छोट्या गेमवाल्यांनी मिळून त्याविरुद्ध ट्रेडमार्क कार्यालयात अर्ज केला. कंपनीचं उत्तर तिने लिहावं असं ठरलं तेव्हा तिने मान हलवली. "हे मला जमणार नाही," म्हणाली. काम दुसऱ्याकडे गेलं, त्याबरोबर तिला मिळायची होती ती वरची जागाही गेली. निकाल अजून लागलेला नाही.

रोज दुपारी, जेवण झालं की ती पूर्वी पत्र पाठवलेल्यांच्या यादीतल्या एकाला फोन लावते. कुणी तिचं नाव ऐकताच फोन आपटतं. कुणी म्हणतं, आता नव्या नावाची सवय झाली, जाऊ द्या. परवा एकाने सांगितलं, गेम केव्हाच बंद केला, आता गोदामात नोकरी करतो. तिने विचारलं, कसा होता तो गेम? आधी तो तुटक बोलत होता. मग एका लंगड्या टोळाची गोष्ट सांगत सुटला. टोळ कुठे अडतो, पाण्यात पडला की कसा झटकतो, तो आवाज आपल्या बहिणीने तोंडाने कसा काढला होता. तिने मध्ये तोंड घातलं नाही.

"पुन्हा काढला, तर पत्र येईल?" शेवटी त्याने विचारलं.

"नाही. परवानगीचा कागद मी आजच पाठवते."

"बहिणीला विचारतो," तो म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.