लाडू कुणाकडून कमी पडले

गाढ झोपलेल्या माणसाला हलवून जागं करायचं आणि मग "झोपलात का?" असं विचारायचं, हा उद्योग कृष्णाबाईंनी दिवाळीपासून सुरू केला होता. झोपणारं माणूस म्हणजे त्यांची थोरली नणंद सोयराबाई, साऱ्या घरादाराच्या अक्का. दोघीही विधवा. कानडी मुलखातल्या महादेवपुऱ्यात अकराव्या मजल्यावर कृष्णाबाईंच्या मुलाचा, रविकिरणचा, फ्लॅट होता आणि तो सकाळी आठला ऑफिसच्या कॅबमध्ये बसला की रात्रीपर्यंत ते राज्य या दोघींचं.

अक्कांच्या कमरेच्या हाडात कॅन्सर उतरला होता. गोळ्यांनी तो आवरला होता, अजून बरीच वर्षं काढाल असं डॉक्टर म्हणत होते, पण दुखणं असं की बाईनं उशी दातांत धरावी. त्यासाठी डॉक्टरांनी पॅच दिला होता. अंगाला चिकटवायचा, अफूच्या जातीचं औषध त्यातून तीन दिवस कातडीत मुरत राहायचं. दर तीन दिवसांनी धनलक्ष्मी नावाची नर्स येऊन जुना काढी, नवा लावी. पॅच सुरू झाल्यापासून अक्का पुन्हा माणसात आल्या होत्या. पत्ते खेळू लागल्या, सारात मीठ कमी आहे म्हणू लागल्या, म्हणजे तब्येत सुधारलीच.

दिवाळीला अक्कांची मुलगी सोनम अमेरिकेहून आली, ती एक डबी घेऊन. डबीत नाकात मारायचे दोन स्प्रे.

"मामी, हे औषध अंगात जास्त झालं तर माणूस झोपेतच श्वास घ्यायचं विसरतं," सोनमनं समजावलं. "हाक मारून उठली नाही, श्वास अडखळला, ओठ काळेनिळे पडले, की हा नाकपुडीत घालून दांडी दाबायची. एका स्प्रेत एकच डोस. चालतो का बघू म्हणून आधी दाबायचा नाही."

हे शेवटचं वाक्य तिनं मामीला पुरतं ओळखून म्हटलं होतं. कृष्णाबाई अगरबत्तीसुद्धा दुकानात एक लावून बघितल्याशिवाय घेत नसत. स्प्रे न दाबता ठेवायचा म्हणजे त्यांच्या बोटांना शिक्षाच. शेवटी त्यांनी सर्दीच्या औषधाची एक रिकामी बाटली शोधली आणि रोज पूजा झाली की उशीला नाक आहे असं समजून तालीम करू लागल्या. मान मागे, नळी आत, दाब, मग कुशीवर. खरे दोन्ही स्प्रे एका कापडी पिशवीत घालून त्यांनी अक्कांच्या उशाशी खिळ्याला टांगले.

"बाजूला लिंबू-मिरची पण बांध की," अक्का म्हणाल्या.

इथवर ठीक होतं. पण त्यानंतर दर तासाला ती हाक सुरू झाली. डिसेंबरातल्या एका मंगळवारी पहाटेपासून तिसऱ्यांदा "अक्का, झोपलात का?" ऐकल्यावर अक्का उठून बसल्या.

"होते. आता नाही. आजपासून मी तुझ्याशी बोलणार नाही. हाक मार, ताट वाजव, मी ओ देणार नाही. सरी, कळलं?"

"सरी," कृष्णाबाईही फणकाऱ्यानं म्हणाल्या. "मला काय, सुम्मने, उगाचच, घसा कोरडा करायची हौस आहे?"

झाला अबोला सुरू. या घरात अबोल्याला कायदेकानू होते. कुणाला काही हवं असेल तर ते भिंतीला सांगायचं. कॉफीसाठी चुटकी वाजवली तर ते बोलणं धरायचं नाही. आणि जो आधी बोलेल तो हरला. एक्केचाळीस वर्षांत कृष्णाबाई फक्त दोनदा जिंकल्या होत्या, त्यातही एकदा अक्कांचा घसा बसला होता.

रविकिरण गेला. कृष्णाबाई स्वयंपाकघरात अवरेकाळू सोलत बसल्या. हे वाल सोलायला निवांत वेळ हवा आणि आज तो भरपूर होता. तासातासाला जाऊन बघायचं नाही असं त्यांनी ठरवलंच होतं. काही हवं असेल तर बाईसाहेब चुटकी वाजवतील. तासाभरानं आतून घोरणं ऐकू आलं. घोरणं अबोल्यात धरतात का, असा एक कायद्याचा मुद्दा त्यांच्या मनात आला आणि त्या एकट्याच हसल्या.

साडेअकराला फिल्टरची कॉफी झाली. तिच्या वासानं अक्का मसणातूनही उठून येतील असं घरात सगळे म्हणत. कृष्णाबाई पेला घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला म्हणाल्या, "कुणाला कॉफी हवी असली तर झालीय."

चुटकी वाजली नाही.

"कुणाला नको असली तर मी पिते."

अक्का उताण्या पडल्या होत्या. घोरणं चालू होतं, पण ते रोजचं नव्हतं. घशात पाणी अडकल्यासारखा गुरगुर आवाज यायचा, मग काहीच नाही, मग बऱ्याच वेळानं पुन्हा गुरगुर. नाटक करतायत, असं कृष्णाबाईंना वाटलं. नाटकं अक्कांना जमत. हाक मारावी तर हरणार, शिवाय ओ देणार नाही असं तर आधीच बजावलेलं. ओ न देणारं माणूस रुसलंय की गेलंय, हे सोनमनं काही शिकवलं नव्हतं.

मग त्यांना लाडू आठवले.

कृष्णाबाईंच्या लग्नात, दावणगेऱ्याला, दुसऱ्या पंगतीला बुंदीचे लाडू कमी पडले होते. मुलीकडच्यांनी हात आखडला, असं अक्का म्हणत. वराकडचे साठ माणसं जास्त घेऊन आले, असं कृष्णाबाई म्हणत. हा खटला एक्केचाळीस वर्षं चालू होता आणि अक्कांनी त्यात एकही तारीख चुकवली नव्हती. ताप एकशे तीन असताना त्यांनी उत्तर दिलं होतं. ऑपरेशननंतर भूल पुरती उतरली नव्हती, तेव्हाही जड जिभेनं "साठ नाही, बावीस" म्हणाल्या होत्या. कसलाही अबोला असो, लाडवांचं नाव निघालं की तो मोडायचा.

कृष्णाबाई कॅलेंडरकडे न बघता थेट अक्कांकडे बघून म्हणाल्या, "माझ्या लग्नात लाडू कमी पडले ते तुमच्या खादाड माणसांमुळे."

अक्का गप्प.

"आणि त्यातले सगळ्यात जास्त तुम्ही खाल्लेत."

उत्तर आलं नाही. कॉफीचा पेला कुठे ठेवला हे त्यांना नंतरही आठवलं नाही. जवळ गेल्या तर अक्कांचे ओठ जांभळट झालेले. खांदे गदागदा हलवले, छातीच्या हाडावर मूठ घासली. डोळ्याची पापणीसुद्धा हलली नाही.

पिशवीची गाठ सुटेना, ती त्यांनी दातांनी तोडली. मान मागे. नळी आत, बोटं नाकाला टेकेपर्यंत. आणि दाब. एवढासा आवाज आला. दीड महिना ज्याला दाबायची चोरी होती तो स्प्रे दाबून झाला आणि त्यात मजा काहीच नव्हती.

मग अॅम्ब्युलन्सचा १०८ लावला. कन्नडमधून पत्ता सांगितला, काय झालं ते सांगितलं, औषध दिल्याचं सांगितलं. ते निघाले, पण रिंगरोडची गर्दी होती, वीस-पंचवीस मिनिटं म्हणाले. दुसरा फोन धनलक्ष्मीला. स्पीकरवर ठेवून त्या तिच्याशीही कन्नडमधूनच बोलत होत्या.

"पॅच कुठे आहे अम्मा? या वेळी मी पाठीवर लावलाय. पाठ बघा."

कृष्णाबाईंनी अक्कांना कुशीवर वळवलं आणि खाली त्यांचा हात भाजला. रविकिरणनं गुडघ्यांसाठी आणलेलं शेकायचं विजेचं पॅड अक्कांनी पाठीखाली सरकवलं होतं आणि ते चालू होतं. पॅचवर शेक द्यायचा नाही, उष्णतेनं औषध भराभरा अंगात जातं, हे धनलक्ष्मीनं दोघींना दहादा सांगितलेलं. एरवी शेक कृष्णाबाई देत, आधी पॅच कुठाय ते बघून. आज थंडी वाजली, पण अबोल्यात मागणार कुणाकडे? अक्कांनी आपला आपण शेक घेतला होता. मी तासाला उठवलं नसतं तर ही रुसली नसती, आणि आज उठवलं असतं तर हे झालं नसतं, असं दोन्ही बाजूंनी कृष्णाबाईंना आपलंच चुकलेलं दिसत होतं.

पॅड फेकलं, पॅच सोलून काढला. धनलक्ष्मी फोनवर म्हणत होती, "श्वास बघत राहा. दोन-तीन मिनिटांत सुधारला नाही तर दुसरा स्प्रे, दुसऱ्या नाकपुडीत. आणि बोलत राहा त्यांच्याशी."

बोलत राहा. काय बोलायचं? रोजची बोलणी भांडणाची, ती आता जिभेवर येईनात. घड्याळाचा काटा एक फेरी फिरला. एक श्वास. मग पुन्हा सामसूम. कृष्णाबाई पलंगाच्या कडेला खाली बसल्या, अक्कांच्या कानाशी तोंड नेलं, आणि एक्केचाळीस वर्षांत नवऱ्यालाही न सांगितलेली गोष्ट सांगू लागल्या.

"अक्का, लाडू आमच्याकडूनच कमी पडले. आमच्या आईनं एक टोपली कोठीत लपवली होती, आपल्या भावांना बांधून द्यायला. वर पंचा झाकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः बघितली. तुमची जास्तीची माणसं बावीसच होती. आईनं गळ्याची शपथ घातली म्हणून मी बोलले नाही. ऐकताय ना? मी हरले, अक्का. आता तरी उठा."

अक्कांनी एक श्वास घेतला. लांब, खोल, विहिरीतून बादली वर आल्यासारखा. मग दुसरा, मग तिसरा. ओठांवरचा जांभळा रंग हळूहळू निवळला. कृष्णाबाई त्या रंगाकडे बघत ढसाढसा रडल्या. रडणं अबोल्यात धरतात का, हा मुद्दा त्यांना सुचला नाही.

शुद्धीवर आल्या त्या अक्का काही देवीसारख्या प्रसन्न होऊन आल्या नाहीत. स्प्रेनं जादा औषधाबरोबर त्यांचा सगळा आरामही काढून घेतला होता. कमरेतली कळ दुप्पट होऊन परतली. त्या ओकल्या, विव्हळल्या, कृष्णाबाईंचा हात ओरबाडला आणि त्यांच्या सगळ्या माहेराचा उद्धार केला. इतक्या गोड शिव्या कृष्णाबाईंनी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या.

अॅम्ब्युलन्स आली, हॉस्पिटल झालं. स्प्रेचा असर तासाभरात ओसरतो, कातडीत मुरलेलं औषध मागे रेंगाळतं, म्हणून अक्कांना दोन दिवस ठेवून घेतलं. कळ आवरायला थोडं थोडं औषध पुन्हा सुरू झालं. दुसऱ्या दिवशी अक्का उशीला टेकून बसल्या, तेव्हा खोलीत धनलक्ष्मी होती, कृष्णाबाई होत्या.

"कृष्णा," अक्का म्हणाल्या, "काल तू मला टोपलीचं काहीतरी सांगत होतीस."

"मी? छे."

"कोठीत होती म्हणे. वर पंचा होता."

"औषधाच्या गुंगीत माणसाला काहीही ऐकू येतं," कृष्णाबाई संत्रं सोलत म्हणाल्या. "हो की नाही गं, धनलक्ष्मी?"

धनलक्ष्मीला मराठी स्वल्पच यायची, पण कुणाच्या भांडणात पडू नये एवढं तिला सगळ्या भाषांत कळत होतं. तिनं दुसराच विषय काढला. घरी गेल्यावर अबोला धरायचा असेल तर धरा, म्हणाली, पण जाग्या असेपर्यंत अक्कांनी दर तासाला स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचा. झोपायचं असेल तर आधी दोनदा. चमचा वाजवणं हे बोलणं धरायचं नाही. आणि दोनदा वाजला की कृष्णाबाईंनी मुकाट्यानं उशाशी बसून श्वास मोजायचे, उठवायचं नाही. दोन्ही पक्षांनी हे मान्य केलं.

पुढचा अबोला आठवडाभरातच झाला, नारळाच्या चटणीवरून. दहाला चमचा वाजला. अकराला वाजला. कृष्णाबाई स्वयंपाकघरात वाल सोलत होत्या, कान मात्र आतल्या खोलीत. बारा वाजले. बारा वाजून एक मिनिट झालं. चमचा वाजला नाही.

मांडीवरचे वाल घरभर उडाले. कृष्णाबाई धावत दारात पोचल्या.

अक्का टक्क जाग्या होत्या. उशीला टेकून बसल्या होत्या, एका हातात पेला, दुसऱ्या हातात चमचा, तो पेल्यापासून बोटभर वर धरलेला.

"आमच्याकडूनच," कृष्णाबाई धापा टाकत म्हणाल्या. "लाडू आमच्याकडूनच कमी पडले."

अक्कांनी एकवार त्यांच्याकडे नीट बघितलं आणि चमचा वाजवला.